भीमाकाठ आणि पाणलोटाचे आरोग्य (सोलापूर जिल्हा)

सोलापूर जिल्ह्यातील भीमा व सीना नद्यांच्या काठची वस्ती आणि या नद्यांचे पाणलोट क्षेत्र यांचा परस्परसंबंध. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा इंद्रायणी, मुळा-मुठेचे पाणी घेऊन उजनी धरणात येते. पुढे नरसिंहपूरला नीरा आणि कुडलजवळ सीना तिला मिळते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे इथली भीमा सह्याद्रीतल्या पावसावर जगते आणि पुणे, पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याचा भारही तिच्याच वाट्याला येतो.

काठावर नदीची विचारपूस होते ती मुख्यतः ‘पाणी सुटलं का?’ अशी. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरला जाणारा तळाचा साठा, आहे. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी वजा इतके टक्के’ हा आकडा घरोघरी माहीत असतो. पाणी किती याची अशी चोख नोंद ठेवणाऱ्या काठाला ते कसे आहे याची तितकी चौकशी करण्याची सवय लागलेली नाही, आणि हीच खरी चिंतेची बाब आहे. धरणाच्या फुगवट्यात (मागे साचलेल्या पाण्यात) हिरवट तवंग आणि जलपर्णी दिसते, वास येतो. त्याचा पहिला फटका मच्छीमारांना बसतो.

सोलापूर शहरासाठी नदीतून सोडलेले पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलले जाते. वाटेत काठच्या मोटारी ते ओढतात, म्हणून आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या, काळात तिथल्या वीजपुरवठ्यावर बंधने येतात. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर उभा ऊस वाळताना दारातून पाणी जाऊ देणे सोपे नाही. मात्र कमी पावसाच्या मुलखात उसाचा एवढा पसारा हाही नदीवरचा बोजाच आहे. शेतातली खते ओढ्यांतून पात्रात उतरतात. बेसुमार वाळू उपशाने पात्र खरवडले जाते आणि भूजल मुरवण्याची त्याची ताकद घटते.

पंढरपुरात हीच नदी चंद्रभागा होते. आषाढीला लाखो वारकरी तिच्यात स्नान करतात आणि त्यासाठी वारीपूर्वी उजनीतून पाणी सोडले जाते. नदीच्या वाळवंटातल्या राहुट्यांमुळे होणारी घाण रोखण्यासाठी न्यायालयाने निर्बंध घातले, तेव्हा मुक्कामाची सोय पलीकडच्या 65 एकर जागेत करण्यात आली. 2016 मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ उपक्रम जाहीर झाला. नदीला माय मानणाऱ्या या श्रद्धेत नदी राखण्याचे मोठे बळ आहे. पण पंढरपुरात घाट झाडून वरच्या शहरांचे सांडपाणी थांबत नाही.

सीनेकाठची गत निराळी. ही नदी एरवी कोरडी असते आणि भीमा-सीना जोडबोगद्यातून येणाऱ्या उजनीच्या पाण्याची वाट पाहते. सप्टेंबर 2025 मध्ये मात्र तिला महापूर आला. माढा, मोहोळ भागांतली गावे पाण्याने वेढली, पुणे-सोलापूर महामार्ग लांबोटीजवळ बंद ठेवावा लागला आणि काठच्या शेतांची माती पिकांसह खरवडून गेली.