बाटलीतली नीरब्राह्मी : आमची संवर्धने मागवण्याआधी

आम्ही संशोधकांसाठी निर्जंतुक बाटल्यांत रोपे वाढवतो. ‘ब्राह्मी हवी आहे’ असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, कोणती? आपल्याकडे दोन वनस्पती याच नावाने खपतात. गोलसर, कातरलेल्या कडांच्या पानांची ती मंडूकपर्णी. आमच्याकडे मिळते ती नीरब्राह्मी, म्हणजे बाकोपा मोनिएरी : पाने बारकी आणि मांसल, फूल फिकट जांभळट. स्मृतिभ्रंशावरच्या संशोधनात ज्या बॅकोसाइड नावाच्या रेणूंचा अभ्यास चालतो, ते हिच्यात असतात. इथे गल्लत झाली तर संशोधकाची सगळी मेहनत पाण्यात जाते.

मग ओढ्याकाठून उपटून आणलेली का चालत नाही? ही वनस्पती पाण्यातले शिसे आणि कॅडमियम शोषून घेते. शिवाय बॅकोसाइडांचे प्रमाण जागेप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलते. म्हणून आम्ही एकाच पारखलेल्या मातृरोपाचे पेर कापून १२१ अंशांवर निर्जंतुक केलेल्या मुराशिगे-स्कूग या पोषक माध्यमात लावतो. खोलीचे तापमान २५ अंश, उजेड १६ तास. पानांची जोडी समोरासमोर असते, त्यामुळे एका पेराच्या दोन्ही बगलांतून कोवळे फुटवे डोकावतात. ते रोज पाहूनही आम्हाला कंटाळा येत नाही. माध्यम जरा जरी गढुळले, तरी ती बाटली आम्ही बाद करतो.

वनस्पतीतून औषध मिळते, याचे भक्कम उदाहरण म्हणजे गॅलंटामाइन. हिमफुलाच्या (स्नोड्रॉपच्या) कुळातल्या वनस्पतींत मिळणाऱ्या या रेणूवर १९५० च्या दशकात काम सुरू झाले. अल्झायमरसाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती २००१ साली. मेंदूतले ॲसिटिलकोलीन हे निरोप पोहोचवणारे रसायन लवकर मोडू न दिल्याने लक्षणे काही काळ सौम्य होतात. आजार मात्र थांबत नाही. याच कुळातल्या ल्युकोजम या वनस्पतीचे फुटवे बायोरिॲक्टरमध्ये (पोषक द्रवाच्या बंद टाकीत) वाढवून बल्गेरियातल्या संशोधकांनी त्यांतून गॅलंटामाइन मिळवले आहे. नीरब्राह्मीचे रेणू अजून त्या टप्प्यावर पोहोचलेले नाहीत. आमच्या बाटलीतून संशोधकाला मिळते ती एकसारखी, स्वच्छ सुरुवात. रेणू वेगळे करणे, पेशींवर आणि प्राण्यांवर तपासणे, मग माणसांवरच्या चाचण्या, हे सगळे त्यापुढचे.

‘आईला आता माझे नावही आठवत नाही, ही रोपे देऊ का?’ असे विचारणारे फोनही येतात. त्यांना आम्ही विक्री करत नाही. त्यांच्या चालू गोळ्या बंद करू नका आणि कोणताही पाला सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, एवढे मात्र कळकळीने सांगतो.

प्रयोगशाळांनी मागणी नोंदवताना फुटवे हवेत की हार्डनिंग केलेली (बाटलीबाहेरच्या हवेला सरावलेली) रोपे, ते लिहावे. प्रत्येक खोक्यावर मातृरोपाचा क्रमांक आणि पेर लावल्याची तारीख असते.