हिरव्या रेषेत न दिसणारा कार्बन

कालेय तारकासमूहातल्या ‘मांजराचा डोळा’ या तेजोमेघाकडे विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये वर्णपटदर्शी लावून पाहिलं. ताऱ्यांसारखा सलग रंगपट्टा तिथे नव्हताच. होत्या मोजक्या ठळक रेषा. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नव्हे, विरळ तप्त वायू आहे. त्यातली सर्वांत तेजस्वी हिरवी रेषा कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पण्यात आलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला. ही रेषा आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनचीच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या.

हा ऑक्सिजन उत्तेजित झाल्यावर प्रकाश सोडायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेतो. प्रयोगशाळेतल्या वायूत तेवढ्या वेळात असंख्य टकरा होतात आणि ऊर्जा परस्पर निघून जाते. अशा ग्रहीय तेजोमेघात, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूच्या ढगात, मात्र घनसेंटीमीटरमागे काही हजारच कण असतात, त्यामुळे अणूला निवांतपणा मिळतो. या ५००.७ नॅनोमीटरच्या रेषेची ४३६.३ नॅनोमीटरच्या फिकट रेषेशी तुलना केली की वायूचं तापमान कळतं: साधारण दहा हजार केल्व्हिन.

पण मरणाऱ्या ताऱ्याने आयुष्यभरात काय शिजवलं, हे विचारायचं तर कार्बन मोजायला हवा, आणि तिथे दृश्य प्रकाश तोकडा पडतो. कार्बनच्या इथल्या प्रमुख आयनांच्या (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या) ऊर्जापातळ्यांत अंतर इतकं मोठं, की त्यांच्या ठळक रेषा १५५ आणि १९१ नॅनोमीटरच्या आसपास, थेट अतिनील पट्ट्यात उमटतात. तो प्रकाश वातावरण अडवतं. म्हणून १९७८ मध्ये सोडलेल्या ‘इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर’ या अवकाश दुर्बिणीचं मोल मोठं. आरसा जेमतेम ४५ सेंटीमीटरचा, पण दुर्बीण १९९६ पर्यंत राबली. मध्यवर्ती ताऱ्यापासून सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने वाहणारे वारेही अतिनील वर्णपटांतच स्पष्ट दिसले. भोवतालचा तेजोमेघ त्या मानाने रेंगाळतच फुगतो, सेकंदाला वीस-तीस किलोमीटरने.

अतिनील रेषा एकट्या वाचता येत नाहीत. तापमानात थोडा फरक पडला तरी त्यांची तीव्रता कितीतरी बदलते, म्हणून तापमान दृश्य वर्णपटातून घ्यावं लागतं. वाटेतली धूळही अतिनील प्रकाश जास्त गिळते. त्यावर एक देखणी युक्ती आहे. आयनीभूत हेलियमच्या १६४.० (अतिनील) आणि ४६८.६ (दृश्य) नॅनोमीटरच्या रेषांचं मूळ प्रमाण सिद्धांताने ठाऊक असतं. मोजलेलं प्रमाण त्याहून जितकं घसरलेलं, तितकी धूळ जास्त.

इतकी खटपट केल्यावर कार्बन ऑक्सिजनपेक्षा जास्त की कमी, हे ठरतं आणि मूळ ताऱ्याच्या वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो. सूर्याच्या दुप्पट-तिप्पट वस्तुमानाचे तारे गाभ्याजवळचा कार्बन पृष्ठभागावर आणतात. त्याहून बरेच जड तारे त्याच कार्बनचा नायट्रोजन करून टाकतात.

एक तिढा मात्र कायम आहे. कार्बनची एक अंधुक दृश्य रेषा ४२६.७ नॅनोमीटरला असते. आयनाने इलेक्ट्रॉन परत पकडल्यावर ती निघते. तिच्यावरून काढलेला कार्बन अतिनील रेषांवरून काढलेल्या कार्बनपेक्षा बहुधा जास्त भरतो, सहसा दोन-तीन पट आणि काही तेजोमेघांत दहापटीहून अधिक. ऑक्सिजनच्या बाबतीतही असंच घडतं. गरम वायूत जड मूलद्रव्यांनी भरलेले थंड गोळे दडले असावेत, हे मला त्यातल्या त्यात पटणारं स्पष्टीकरण; सगळे तज्ज्ञ अजून त्यावर सहमत नाहीत.