चालू कंटेनरचा स्नॅपशॉट बॅकअप

सर्व्हरवरचा कंटेनर, म्हणजे एकाच मशीनवर इतरांपासून वेगळ्या कप्प्यात चालणारी सिस्टीम, बंद न करता, त्याच्या डिस्कची एका क्षणाची स्थिती गोठवून त्यावरून बॅकअप काढायची पद्धत. कॉपी स्नॅपशॉटची होते, कंटेनर आपला चालूच.

मूळ कुठलं धरायचं यावर एकमत नाही. काहीजण कंटेनरची सुरुवात १९७९च्या, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतल्या सीएचरूटपर्यंत नेतात, पण त्यात फक्त फाईलींचं झाड वेगळं व्हायचं, प्रोसेस आणि नेटवर्क सगळं सामायिकच, त्यामुळे २०००मध्ये फ्रीबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली एक सिस्टीम) ४.० सोबत आलेल्या जेल्स या कप्प्यांपासून मोजणं जास्त पटतं. लिनक्सवर कंटेनर चालवणारं ओपनव्हीझेड २००५च्या सुमारास आलं, एलएक्ससी २००८मध्ये. स्नॅपशॉटचं घराणं निराळंच. नेटॲपच्या वाफल फाईल सिस्टीमवरचा १९९४चा निबंध त्याबाबत बहुतेकवेळा पुढे केला जातो, लिनक्सच्या एलव्हीएमचं (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) काम १९९८च्या आसपासचं. हे दोन्ही धागे प्रॉक्समॉक्स या सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरच्या व्हीझेडडम्प या बॅकअप टूलमध्ये एकत्र आलेले दिसतात. २०१५च्या ४.० आवृत्तीत तिथं ओपनव्हीझेड जाऊन एलएक्ससी आलं.

जुन्या पद्धतीच्या एलव्हीएममध्ये स्नॅपशॉट घेताना डेटा कॉपी होतच नाही. नंतर मूळ डिस्कवरच्या एखाद्या ब्लॉकवर पहिल्यांदा लिहायची वेळ आली की आधी जुना ब्लॉक वाचून बाजूला ठेवायचा, मग नवा लिहायचा, म्हणजे एका राईटच्या जागी एक रीड आणि दोन राईट, म्हणून बॅकअप चालू असताना कंटेनरमधली साईट जड वाटते. ही बाजूची जागा आधीच ठरवलेली असते, व्हीझेडडम्पमध्ये ती मुळात १०२४ एमबी होती. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमच्या डिस्कांच्या एकत्र साठ्यात) तेवढी मोकळी नसेल तर स्नॅपशॉट निघतच नाही आणि मध्येच भरली तर स्नॅपशॉट बाद. कंटेनरला काही होत नाही, बॅकअप मात्र गेला. म्हापशाच्या एका छोट्या ऑफिसात चवथीच्या आदल्या रात्री बॅकअप लावून आम्ही सगळे गावी गेलो, त्याच वेळेला फोटोंचं सिंक चालू होतं, परत येऊन बघतो तर लॉगमध्ये एरर आणि बॅकअपच्या फोल्डरात काही नाही. थिन एलव्हीएममध्ये जागा सामाईक पूलमधून घेतली जाते, झेडएफएस ही फाईल सिस्टीम नवा ब्लॉक दुसरीकडेच लिहिते, तिथं ही कटकट नाही, पण पूल भरला तर सगळ्यांचीच पंचाईत.

डेटाबेस असेल तर जपून. कंटेनरच्या स्नॅपशॉटमध्ये रॅम येत नाही, म्हणजे रिस्टोअर केलेला कंटेनर पावसाळ्यात लाईट जाऊन परत आल्यावरच्या मशीनसारखा उठतो. मायएसक्यूएल डेटाबेसमधलं इनोडीबी इंजिन आपल्या लॉगवरून सावरतं, मायआयसॅम इंजिनची टेबलं रिपेअर करायला लागू शकतात, त्यामुळे आधी फ्लश करून (मेमरीतलं डिस्कवर उतरवून) लिहिणं थांबवणारा रीड लॉक घ्यायचा, स्नॅपशॉट पडला की लगेच सोडायचा, दोन-चार सेकंदांचं काम. डेटा एका व्हॉल्यूमवर आणि लॉग दुसऱ्यावर असेल तर दोन स्नॅपशॉट वेगवेगळ्या क्षणांचे पडू शकतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

बाइंड माउंटमधल्या (सर्व्हरवरून कंटेनरात जोडलेल्या फोल्डरांतल्या) फाईली व्हीझेडडम्प घेत नाही. स्टोरेज साधी डिरेक्टरी असेल तर स्नॅपशॉट मोड आपोआप सस्पेंडवर घसरतो, म्हणजे आरसिंक या टूलने दोनदा फाईलींची कॉपी, दुसऱ्या वेळेला कंटेनर थोडा वेळ थांबलेला.

रिस्टोअर सोपं, नवा नंबर दिला की जुन्याला हात न लावता शेजारी नवा कंटेनर उभा राहतो. फक्त आयपी तोच येतो, म्हणून आधी जुना बंद करायचा.