घाई वेगळी, मुदत वेगळी

‘पोरगी संकटात आहे आणि हा पत्ते खेळत बसलाय!’ २०१५ साली ‘द विचर ३’ हा व्हिडिओ गेम आला तेव्हापासून ही तक्रार ऐकतोय. ती सुरू झाली की पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: साइड क्वेस्टमुळे, म्हणजे मुख्य कथेबाहेरच्या ऐच्छिक कामांमुळे, कथेची वाट लागते. मानसकन्या सिरीच्या मागे वाइल्ड हंट ही घोडेस्वारांची टोळी लागलीय, आणि नायक गेराल्ट व्हाइट ऑर्चर्ड गावात कुणा म्हातारीचा तवा शोधून देतोय. हे खटकतं, मान्य. पण दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो, कारण दोन गोष्टींची गल्लत होते. एक घाई, दुसरी मुदत.

घाई पात्रांच्या तोंडी असते. ‘लवकर निघ’, ‘वेळ थोडा उरलाय’, ‘उशीर झाला तर सगळं संपेल.’ मुदत गेमच्या हिशेबात असते. तुम्ही काही केलं नाहीत तरी ती सरत जाते, आणि संपली की खरंच काहीतरी जातं. घाई म्हणजे दूध उतू जाईल म्हणून दिलेली हाक. मुदत म्हणजे गॅस पेटलेला असणं. बहुतेक ओपन वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे जिथे हवं तिथे हिंडता येतं अशा गेममध्ये, हाका सारख्या चालू असतात आणि गॅस बंद असतो.

साइड क्वेस्ट म्हणजे काय ते जास्त सांगत बसत नाही. फक्त एवढंच, की मॅपवरची प्रश्नचिन्हं म्हणजे साइड क्वेस्ट नव्हेत. ‘विचर’मधल्या स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रातल्या चोरट्या मालाच्या पेट्या गोळा करणं ही हमाली आहे. तिचा कंटाळा आला म्हणून चांगल्या लिहिलेल्या साइड क्वेस्टना नावं ठेवू नका.

खरी मुदत कशी असते ते बघायचं तर १९९७ चा पहिला ‘फॉलआउट’ घ्या. व्हॉल्ट १३ या भूमिगत आसऱ्यातली पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते आणि नवी आणायला तुम्हाला १५० दिवस मिळतात. दिवस मोजले जातात. ते संपले की गेम संपतो. हब या गावातल्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन व्हॉल्टला पाणी पाठवता येतं आणि आणखी १०० दिवस मिळतात. म्हणजे मुदत हीच तिथे खर्च करायची वस्तू आहे. २००० सालच्या ‘मेजोराज मास्क’मध्ये तीन दिवसांनी चंद्र गावावर कोसळतो. ते तीन दिवस साधारण ५४ मिनिटांत सरतात. वेळ मागे नेता येते, पण मग गावकऱ्यांसाठी केलेली मदतही पुसली जाते. या दोन्ही गेममध्ये साइड क्वेस्टला वेळ दिला तर तो कुठूनतरी वजा होतो.

आता ‘स्कायरिम’. २०११ चा गेम. पहिल्याच प्रसंगात हेल्गेन गावावर ड्रॅगन उतरतो आणि सांगितलं जातं की व्हाइटरन शहरात जाऊन यार्लला, म्हणजे तिथल्या सरदाराला, खबर द्या. तुम्ही गेलाच नाहीत तर? काही नाही. वर्षभर लोहारकाम करा, बायको करा, घर घ्या. इतकंच नव्हे, व्हाइटरनच्या टेहळणी बुरुजावरचा ड्रॅगन मारण्याचं मिशन होईपर्यंत मोकळ्या रानात ड्रॅगन फिरकतच नाहीत. संकट तुमच्या पावलाने येतं. तुम्ही घरी बसलात तर जग सुखरूप.

लोक अडखळतात ते नेमके इथे. या गेममध्ये काळ घड्याळाने सरकत नाही, मेन स्टोरीच्या मिशनने सरकतो. सूर्य उगवतो, मावळतो, पण तो देखावा आहे. गेराल्टने शंभर रात्री ध्यान लावून काढल्या तरी सिरी होती तिथेच राहते. तो आइल ऑफ मिस्ट्स या बेटाकडे जाणाऱ्या बोटीत बसला की मात्र काळ एकदम पुढे जातो आणि मागे अनेक दारं बंद होतात. म्हणून उशिराने काही बिघडत नाही, घाईने बिघडतं. हे उलटं आहे, म्हणूनच डोक्यात बसत नाही.

माझ्या मावसभावाचंच बघा. सिरीची काळजी वाटली म्हणून तो मेन स्टोरी सरळ रेषेत खेळत गेला. किती चांगल्या मनाने खेळला! केअर मोर्हेन या गेराल्टच्या गडावरच्या लढाईत मात्र त्याच्या बाजूला मोजकीच माणसं होती. जादूगारीण कीरा नव्हती, कारण वेलेनमधलं तिचं काम त्याने ‘नंतर करू’ म्हणून ठेवलं होतं. लेथो नव्हता. रोश नव्हता. ही सगळी माणसं साइड क्वेस्टमधून जोडावी लागतात, आणि ती बेटावर जाण्याआधीच. राजा रॅडोविडविरुद्धच्या कटाचंही तसंच. तो कट साइड क्वेस्ट आहे, पण उत्तरेकडच्या युद्धाचा निकाल त्यावर ठरतो. तो केलाच नाही तर रॅडोविड जिंकतो, आणि शेवटी आपल्याला प्रश्न पडतो की हे कधी ठरलं. ‘फावल्या वेळातलं काम’ असं कुणीतरी शिकवलेलं असतं ना, त्याचं हे फळ.

‘सायबरपंक २०७७’मध्येही हेच. डोक्यातल्या चिपमुळे व्ही या मुख्य पात्राच्या हाती थोडे आठवडे उरलेत असं डॉक्टर सांगतो. ते आठवडे कुणी मोजत नाही. हानाको नावाच्या बाईला एम्बर्स हॉटेलात भेटायला गेलात की मात्र परतीची वाट बंद होते. तिथे गेम स्पष्ट इशारा देतो, हे मला आवडतं. व्हीची मैत्रीण पॅनम हिची कामं त्याआधी शेवटपर्यंत केली नसतील तर तिच्या टोळीबरोबरचा शेवट खुलतच नाही. माझ्या मते तो सगळ्यात चांगला शेवट आहे, आणि साइड क्वेस्ट टाळणाऱ्याला तो दिसत नाही.

मग उठसूट भटकत राहावं का? नाही, कारण काही गेम मध्येच खरं बोलतात. २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ काटेकोर अर्थाने ओपन वर्ल्ड नाही, पण या दोन्ही गोष्टी त्यात शेजारीशेजारी आहेत. डोक्यात अळी शिरलीय, काही दिवसांत राक्षस व्हाल, असं सुरुवातीपासून सांगतात. त्या अळीला मुदत नाही. पण धास्तीने कितीतरी जण रात्रीचा मुक्कामच करत नाहीत, आणि सोबत्यांचे उत्तम प्रसंग असतात ते नेमके मुक्कामावरचे. त्याच गेममध्ये वॉकीन्स रेस्टची सराय पेटलेली दिसते. ‘सकाळी बघू’ म्हणून झोपलात तर आतली माणसं जळून मरतात.

‘मास इफेक्ट २’ (२०१०) याहून कठोर आहे. सगळा गेम घाई बोलून दाखवतो आणि थांबून राहतो. मग शेवटाकडे तुमच्या जहाजावरची माणसं पळवली जातात. लगेच गेलात तर सगळी वाचतात. एकदोन मिशन उरकून गेलात तर निम्मी जातात. आणखी रेंगाळलात तर जवळपास कुणीच उरत नाही. ‘डेउस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन’मध्ये (२०११) तर पहिल्याच मिशनला हे होतं. ऑफिसात फिरत बसलात तर कारखान्यातले ओलीस मारले जातात. दोन्ही प्रसंग प्रामाणिक आहेत, मला प्रिय आहेत. पण खेळणाऱ्याला वर्षानुवर्षं खोट्या हाकांची सवय लावल्यावर त्याने खरी कशी ओळखायची?

माझा ठोकताळा असा. जे संकट पहिल्या दिवसापासून डोक्यावर आहे आणि अख्ख्या जगाचं आहे, ते थांबतं. जे आत्ता घडलंय, जवळ आहे आणि ठरावीक माणसांवर आलंय, तिथे हातातलं सगळं टाकून धावावं. हे अचूक नाही. ‘ऑब्लिव्हियन’मधलं क्वाच शहर जळत जळत तुमची वाट बघत राहतं. पण उगाच धावण्यात फारसं नुकसान नाही.

म्हणजे खटकतं ते साइड क्वेस्टमुळे नव्हे, चुकीच्या जागी लिहिलेल्या घाईमुळे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने (२०१७) ते सोडवून दाखवलं. राजकन्या झेल्डा १०० वर्षं गॅनन या दुष्ट शक्तीला रोखून आहे, आणि नायक लिंक अशक्त आहे. सुरुवातीच्या पठारावरून उतरलात की सरळ किल्ल्यावर जायची मुभा आहे. कसलेले खेळाडू अर्ध्या तासाच्या आत गेम संपवतात. आपण गेलो तर मरतो. म्हणून हिंडणं हीच तयारी. चारही डिव्हाइन बीस्ट, म्हणजे प्राण्यांच्या आकाराची महाकाय यंत्रं, सोडवली तर गॅननची निम्मी ताकद लढाई सुरू होतानाच जाते. तिथे डोंगरावर मशरूम वेचतानाही मला कधी अपराधी वाटलं नाही.

‘विचर ३’ आत्ता सुरू करणार असाल तर वेलेनमध्ये कीराचं काम लगेच उरका, नोव्हिग्राड शहरात माजी हेरप्रमुख डिकस्ट्राने रॅडोविडविरुद्धच्या कटासाठी बोलावलं की जा, आणि आइल ऑफ मिस्ट्सच्या बोटीत बसण्याआधी क्वेस्टची यादी उघडून एकदा नीट वाचा. सिरी थांबते.