आंदोलनांची वृत्तचौकट

आंदोलनाची बातमी देताना माध्यमे कोणता प्रश्न पुढे आणतात, कोणाचे म्हणणे आधी घेतात आणि काय गाळतात, यातून घडणारा बातमीचा साचा म्हणजे वृत्तचौकट. एकाच मोर्चाची बातमी ‘मोर्चामुळे वाहतूक कोलमडली’ अशी होते, तशीच ‘थकलेल्या पगारासाठी कामगार रस्त्यावर’ अशीही. खोटी दोन्हींपैकी एकही नाही. पण पहिली वाचणारा खोळंबलेल्या प्रवाशाच्या बाजूने विचार करतो, दुसरी वाचणारा कामगाराच्या. आंदोलनाला मिळणारा पाठिंबा बऱ्याच अंशी इथेच ठरतो.

चौकट कित्येकदा घटनेच्या आधीच तयार असते. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी लंडनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. हिंसाचार होणार, असे वृत्तपत्रे आधीपासूनच लिहीत होती. प्रत्यक्षात मोर्चा बहुतांशी शांततेत पार पडला. एक लहान गट तेवढा ग्रोव्हनर चौकात, अमेरिकी वकिलातीजवळ, पोलिसांशी भिडला. दुसऱ्या दिवशी गाजली ती ही झटापट, आणि पोलिसाला लाथ मारली जात असल्याचे छायाचित्र. हॅलोरन, एलियट आणि मर्डॉक यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या प्रकारावर नेमके बोट ठेवले : बातमीदार भाकिताला जुळणारेच शोधत होते. युद्धाला विरोध का, हा मूळ प्रश्न बाजूलाच पडला.

वाचकांवरील परिणाम प्रयोगांतूनही तपासला गेला आहे. नेल्सन, क्लॉसन आणि ऑक्सली यांनी १९९७ मध्ये कू क्लक्स क्लान या अमेरिकेतील वर्णवर्चस्ववादी संघटनेच्या सभेची बातमी दोन प्रकारे दाखवली. भाषणस्वातंत्र्याच्या अंगाने ती पाहणाऱ्यांनी सभेबाबत जास्त सहिष्णुता दाखवली, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अंगाने पाहणाऱ्यांनी कमी. तिरस्करणीय गटाबाबतही एवढा फरक पडावा, हे विशेष.

आंदोलकांच्या हाती काहीच नसते असे मात्र नाही. ७ मार्च १९६५ रोजी अमेरिकेतील सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांवर पोलीस लाठ्या आणि अश्रुधूर घेऊन तुटून पडले. त्या रात्री एबीसी वाहिनीने चालू चित्रपट थांबवून ती दृश्ये दाखवली. ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. कायद्यामागे इतरही कारणे होती. तरीही १९६० च्या दशकातील निदर्शनांचा ओमर वासो यांनी केलेला अभ्यास (२०२०) याच दिशेने जातो : शांततामय निदर्शनांनंतर, विशेषतः समोरून हिंसा झाली तेव्हा, बातम्यांत नागरी हक्कांचा विषय वर आला, तर आंदोलकांकडून हिंसा झाल्यावर दंगल आणि सुव्यवस्थेचा. पेच असा, की शांत मोर्चाकडे कॅमेरे सहसा फिरकत नाहीत.

प्रतिस्पर्धी चौकट समोर असली की पहिलीची पकड सैल होते. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिसमध्ये पोलिसांनी पकडलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो वैद्यकीय कारणाने झाल्यासारखा मांडला होता. पोलिसाने त्यांच्या मानेवर गुडघा दाबून धरल्याचे एका वाटसरूने मोबाइलवर केलेले चित्रण पसरले आणि ते निवेदन टिकले नाही.