बाजारातलं गणित नववीच्या वहीत का उतरत नाही?

चाळीसगावकडच्या आठवडी बाजारात आईसोबत भरताची वांगी विकायला बसणारा एक पोरगा माझ्या ओळखीचा आहे, नववीत शिकतो. चाळीस रुपये किलो, गिऱ्हाइकाने पावणेतीन किलो घेतली आणि दोनशेची नोट दिली की हा मोबाईल न काढता नव्वद रुपये परत देतो, तेही दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. त्यालाच वहीत 2.75 × 40 लिहून दिलं तर दशांशचिन्ह कुठे द्यायचं यातच अडकून बसतो. आई म्हणते, "याले गणित जमत नाही." मला हे ऐकवत नाही, कारण ते खरं नाहीये.

1985 साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या 5 मुलांना आधी गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले, तेव्हा 98 टक्के उत्तरं बरोबर. मग तसलेच आकडे कागदावर नुसत्या गुणाकार-भागाकाराच्या रूपात दिले, तर 37 टक्के. पस्तीसचा एक असे दहा नारळ कितीला, यावर बारा वर्षांच्या मुलाने तीन नारळांचे 105 धरले, अजून तीन म्हणजे 210, असं करत करत 350 वर आला. आणि कागदावर 35 × 4 करताना? हातचे 2 आधीच तीनात मिळवले आणि उत्तर लिहिलं 200! बाजारात चार नारळांचे दोनशे असं कुठलाच विक्रेता म्हणणार नाही, पण कागदावर नारळ दिसतच नाहीत ना.

2025 मध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल हेच दाखवलं, वर हेही की नुसती शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळतात. म्हणजे इकडचं तिकडे आपोआप जात नाही, मधला पूल कोणीतरी बांधून द्यावा लागतो.

पूल कुठे तुटलाय ते बघा. 8 + 4 = ☐ + 5 हे दिलं की भरपूर मुलं चौकटीत 12 लिहितात, कारण = म्हणजे "आता उत्तर लिही" असं डोक्यात बसलेलं असतं. खरं तर ते तराजूचं चिन्ह आहे, दोन्ही पारडी सारखी. एका पारड्यात तीन सारख्या पिशव्या आणि 5 किलोचं वजन, दुसऱ्यात 20 किलो, दोन्हीकडून 5 काढा, उरलेले 15 तीन पिशव्यांचे. 3x + 5 = 20 एवढंच आहे, आणि तराजू धरलेल्या पोराला ते शहरातल्या पोरापेक्षा लवकर कळतं असा माझा अनुभव आहे.

दुसरी अडचण डोक्यातल्या जागेची. काम चालू असताना मेंदू एका वेळी साधारण तीन-चारच गोष्टी धरू शकतो. सात आठे बोटांवर मोजत बसलं की गणित कुठवर आलं होतं तेच निसटतं, म्हणून पाढे पाठ हवेतच, आजोबांना पावकी-दिडकी, म्हणजे पाव आणि दीडचे पाढे, येत असेल तर तीसुद्धा शिकून घ्या. आणि भीती हीच जागा खाते, हे प्रयोगांतून दिसलंय. "एवढं पण येत नाही का?" असं सगळ्या वर्गासमोर ओरडलं की त्या मिनिटाला पोराची निम्मी ताकद गेली समजा.

त्यात आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, पोरं पंधरा-पंधरा दिवस शाळेत नसतात, नंदुरबारकडची तर आईबापासोबत ऊसतोडीला गुजरातेत. तेवढ्यात अवयव पाडणं होऊन जातं आणि दहावीत वर्गसमीकरण समोर आलं की काहीच लागत नाही. मग सगळे म्हणतात आता उशीर झाला, पस्तीस पडले तरी पुष्कळ. शिकागोत नववी-दहावीच्या, बहुतेक गरीब घरच्या मुलांना रोज एक तास, दोन मुलांमागे एक शिकवणारा असं गणित शिकवलं तर मार्क चांगलेच वाढले आणि नापास होणं कमी झालं. पंधराव्या वर्षी उशीर झालेला नसतो! तसा एक तास गावातला कॉलेजचा पोरगा-पोरगीही देऊ शकेल, फक्त सोप्यावरच थांबू नका, अवघड गणितं याच मुलांना द्या.

चाळीसगावजवळच्या पाटणला 1207 सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ दिल्याचा. त्या परंपरेत एकापेक्षा जास्त अज्ञात संख्या आल्या की पहिलीनंतरच्यांना रंगांची नावं द्यायचे, कालक, नीलक, पीतक. मी तेच उचललं. दोन काळ्या पिशव्या आणि एक निळी मिळून 11 किलो, एक काळी एक निळी 7 किलो, सांग बरं. पोरगा थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "मोठ्या पारड्यातनं लहान काढलं तर एक काळीच उरते ना, चार किलो." दहावीचा पहिलाच धडा, दोन चलांतली समीकरणं, त्याने नववीत सोडवला होता. आता तेच x, y मध्ये लिहून आणायला सांगितलंय, त्यानंतर पिवळी पिशवीपण येणार आहे.