'लोक काय म्हणतील?' हे मोजता येतं

बायकोच्या नोकरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "माझी काही हरकत नाही हो, पण लोक काय म्हणतील?" आपण ही सबब समजून सोडून देतो. काही अर्थशास्त्रज्ञांनी मात्र ती मनावर घेतली आणि लोक खरंच काय म्हणतात ते मोजून पाहिलं.

आधी आपली आकडेवारी पाहू. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण, २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. या वाढीचे ढोल खूप वाजले. पण काम करणाऱ्या या स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्वयंरोजगारात मोडतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरच्याच शेतीत किंवा दुकानात बिनपगारी राबतात. घराबाहेर जाऊन स्वतःच्या नावाने पगार घेणं ही वेगळी पायरी आहे आणि 'लोक' आडवे येतात ते तिथेच.

आता तो प्रयोग. अर्थशास्त्रज्ञ लिओनार्दो बुर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी सौदी अरेबियात, रियाधमध्ये, १८ ते ३५ वयाचे सुमारे ५०० विवाहित पुरुष गटागटाने बोलावले. एका गटात साधारण ३० जण, बरेचसे एकाच भागातले, एकमेकांना तोंडओळखीने जाणणारे. प्रत्येकाला नाव न लिहिता विचारलं: स्त्रियांना घराबाहेर काम करू द्यावं का? ८७ टक्के 'हो' म्हणाले. मग विचारलं, या खोलीतले किती जण 'हो' म्हणाले असतील? सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांनी खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगितला. म्हणजे जवळपास सगळे अनुकूल, आणि बहुतेकांना वाटतंय की बाकीचे तितके अनुकूल नाहीत! याला 'प्लुरलिस्टिक इग्नोरन्स' म्हणतात.

पुढे निम्म्या लोकांना खरा आकडा सांगितला. शेवटी सगळ्यांना पर्याय दिला: ऑनलाइन खरेदीचं कूपन घ्या किंवा बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवा. आकडा न कळलेल्यांत २३ टक्क्यांनी नाव नोंदवलं, कळलेल्यांत ३२ टक्क्यांनी. तीन ते पाच महिन्यांनी पाहिलं, तर घराबाहेरच्या नोकरीसाठी अर्ज केलेल्या बायका पहिल्या गटात ६ टक्के होत्या, दुसऱ्यात १६ टक्के. फरक पडला तो एका आकड्याने.

असं का होतं? इथे मला समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं १९७८चं गणित फार आवडतं. समजा वस्तीत १०० घरं आहेत आणि प्रत्येकाची एक अट आहे: 'इतक्या घरांतल्या बायका कामाला जाताना दिसल्या, तर आमचीही जाईल.' पहिल्या घराची अट ०, दुसऱ्याची १, तिसऱ्याची २, असं करत शेवटच्याची ९९. पहिली बाई निघते, तिला पाहून दुसरी, त्या दोघींना पाहून तिसरी, आणि बघता बघता १००. आता फक्त दुसऱ्या घराची अट १ऐवजी २ करा. पहिली निघाली की साखळी तिथेच तुटते. ९९ बायका घरी! दोन्ही वस्त्यांतल्या लोकांची मतं जवळजवळ तीच, निकाल मात्र दोन टोकांचे. त्यात आणखी एक गुंता आहे. शेजाऱ्याचं मत दिसत नाही, वागणं दिसतं. शेजारीण घरी असते ती कदाचित बस नाही म्हणून, मूल लहान आहे म्हणून किंवा काम मिळत नाही म्हणून. आपण त्याचा अर्थ लावतो, 'त्यांच्याकडे चालत नाही.' तीही आपल्याकडे पाहून तेच म्हणते. त्यामुळे मतं बदलून गेली तरी रूढी जागची हलत नाही.

बाईचा पिंडच चूल-मुलाचा, निसर्गानेच तशी रचना केली आहे, असं शास्त्राचा आव आणून सांगणारे आजही भेटतात. पुरुषांना एक आकडा कळताच काही महिन्यांत त्यांच्या बायकांच्या अर्जांची संख्या बदलत असेल, तर ते बंधन निसर्गाचं नव्हतं.

पण आकडा सांगितला की काम फत्ते, असंही कुणी समजू नये. रियाधमध्ये अर्ज आणि मुलाखती वाढल्या. प्रत्यक्ष नोकरीतली वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणण्याइतकी नव्हती. ग्रामीण कर्नाटकात बालवाडी शिक्षिकांच्या कुटुंबीयांना व्हिडिओ दाखवून त्यांचं मन वळवायचा प्रयत्न झाला, त्याने शिक्षिका नोकरीत टिकण्याचं प्रमाण वाढलं नाही.

मध्य प्रदेशाच्या उत्तर भागात उलट्या बाजूने, म्हणजे मतांऐवजी पैशापासून, सुरुवात झाली. मनरेगाची मजुरी तिथे एरवी बहुधा नवऱ्याच्या खात्यात जायची. अर्थशास्त्रज्ञ रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात काही स्त्रियांना नुसतं स्वतःचं बँक खातं मिळालं. काहींना खात्याबरोबर ते वापरायचं प्रशिक्षणही मिळालं आणि मजुरी थेट त्यात जमा होऊ लागली. या दुसऱ्या गटातल्या स्त्रिया नुसतं खातं मिळालेल्यांपेक्षा जास्त काम करू लागल्या, मनरेगावर आणि बाहेरही. जिथे बाईवर आधी जास्त बंधनं होती, त्याच घरांत परिणाम एकवटला होता. पुढे त्यांच्या नवऱ्यांना पुन्हा विचारलं, तेव्हा बायको कामाला गेल्याने समाजात कमीपणा येतो, ही त्यांची भीतीही कमी झालेली आढळली.